सत्काराला जा, पण आधी तीन मजले उतरायची सोय मागून घे

पत्र:
ताई, वय २७. ठाण्यात किसननगरला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एसी रिपेअरिंगचं स्वतःचं काम होतं, हाताखाली एक पोरगा होता. गेल्या गोपाळकाल्याला आमचा थर कोसळला, मी तिसऱ्या थरावर होतो, वरचे सगळे माझ्यावर आले. डी-१२ चा मणका गेला. ऑपरेशन करून रॉड टाकले पण कमरेखाली काहीच कळत नाही, हलत नाही. दहा महिने झाले. युरिनची बॅग बदलण्यापासून सगळं आई करते, तिच्याकडे बघवत नाही म्हणून मी पाणीच कमी पितो. साखरपुडा झालेला, मीच फोन करून मोडला. मामा रोज व्हिडिओ पाठवतो, पाय नसलेला माणूस डोंगर चढतोय वगैरे. एका क्लिनिकने स्टेम सेलचे साडेचार लाख सांगितलेत, आई गावची जमीन विकायला निघालीय. पथकातली पोरं पहिले दोन महिने यायची, आता येत नाहीत, पण यंदा हंडीला स्टेजवर बोलवून माझा सत्कार करायचा म्हणतायत, चेक देणार आहेत. जाऊ का? सगळे सांगतात उमेद सोडू नको. कशाची उमेद ते कोणी सांगत नाही. रात्री नको ते विचार येतात.

उत्तर:

तुला अरे-तुरे करतेय, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, बाकीचं सगळं थोडं थांबू शकतं, ते नाही. नको ते विचार म्हणजे मरायचे विचार का? सरळ विचारतेय, कारण असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही घुसत नाही, बोलायला वाट मात्र मिळते. तसं असेल तर आज रात्रीच १४४१६ ला फोन लाव. टेली मानस नाव आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. आणि तुझ्या ठाण्यातच आयपीएच आहे, १९९० पासून मनाच्या आजारांवर काम करतायत, तिथे आईला किंवा मामाला फोन करायला लाव आणि तुला खाली उतरता येत नाही हे आधीच सांग. मामाला व्हिडिओ पाठवण्यापेक्षा हे काम दे. झोपेच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या उशाशी साठवून ठेवल्या असशील तर त्या आईकडे देऊन टाक, रोज लागेल तेवढीच तिच्याकडून घे. डिप्रेशन असेल तर त्यावर औषध असतं आणि ते घेत घेतच बाकीची कामं करायची असतात, आधी मन बरं होऊ दे मग बघू असं करत बसलास तर वर्ष जाईल.

आता उमेद. लोक तुला सांगतायत ती एकाच गोष्टीची आहे, पुन्हा चालशील. ते कोणी तोंडाने नीट बोलत नाही, कारण त्यांनाही खात्री नाही. म्हणून तू फाईल काढ, डिस्चार्जच्या कागदावर 'एशिया' असं लिहून पुढे ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर असेल, नसेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरला विचार की माझी इंज्युरी कंप्लीट की इनकंप्लीट. ए म्हणजे कंप्लीट, म्हणजे अगदी गुदद्वाराजवळच्या भागापर्यंत ना स्पर्श कळतो ना हालचाल आहे. बी, सी, डी म्हणजे काहीतरी शिल्लक आहे. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा-नऊ महिन्यांत होतो, नंतरही होते पण हळू आणि थोडी थोडी. दहा महिन्यांनीसुद्धा ए असेल तर पूर्वीसारखं चालण्याची शक्यता फार कमी आहे. हे लिहिल्याबद्दल मला लोक शिव्या घालतील, एवढ्या लवकर पोराची आशा कशाला तोडता म्हणून, पण हे तुला न सांगता ठेवल्यामुळेच तुझ्या आईच्या डोक्यात जमीन विकायचं आलंय.

त्या जमिनीचं आत्ताच मिटवू. स्टेम सेलबद्दल आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्थेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्स आहेत, त्यात सरळ आहे की रक्ताचे आणि तसले काही ठराविक आजार सोडले तर ही मान्य ट्रीटमेंट नाही, मणक्याच्या इंज्युरीसाठी तर नाहीच, जे काय चालेल ते संशोधन म्हणूनच चाललं पाहिजे. आणि खरंच संशोधन असेल तर ती ट्रायल सीटीआरआय नावाच्या, देशातल्या सगळ्या ट्रायल्सच्या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदलेली असते, नंबर असतो, आणि भाग घेणाऱ्या पेशंटकडून उपचाराचे लाखो रुपये मागत नाहीत. तर क्लिनिकला फोन कर, ट्रायलचा नंबर माग, एवढंच. पुढचं बोलणं आपोआप बंद होईल. आईला समजवताना 'मी बरा होणारच नाही' असं म्हणू नको, ती ते ऐकणारच नाही. तिला सांग की साडेचार लाख खर्च करायचेच असतील तर याच एरियात तळमजल्यावरच्या खोलीचं डिपॉझिट आणि पुढचं बरंच भाडं त्यात निघतं. क्लस्टर पुनर्विकासात बिल्डिंग जाईल, लिफ्टवाला फ्लॅट मिळेल, ते होईल तेव्हा होईल, तोवर तुझं वय थांबणार नाही.

मग कशाची उमेद? माझं उत्तर ऐकून तोंड वाकडं करशील. संडास-बाथरूमची.

मी बरीच वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून वॉर्डात काढली. मणक्याचे पेशंट सुरुवातीला सगळे सारखेच बोलतात, म्हणजे बोलतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. त्यांच्या बोलण्यात 'उद्या', 'पुढच्या महिन्यात', 'गावी गेलो की' असले शब्द परत यायला लागतात ते बहुतेक वेळा स्वतःची लघवी स्वतः काढायला लागल्यावर. वाशीच्या मार्केटमधला एक माथाडी होता, पोती उतरवताना पडलेला, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून खूप भाषणं दिली, काही उपयोग झाला नाही. मग त्याला नळी घालायला शिकवली, पंधरा दिवसांत तो मला विचारतो की मॅडम, साताऱ्याला पुतणीच्या लग्नाला जायचंय, गाडीत सहा तास लागतात, मध्ये कुठे थांबू? उमेद म्हणजे मला तरी एवढंच दिसलंय, पुढचा प्लॅन करायला हरकत नाही असं वाटणं. आणि आई लघवीची बॅग रिकामी करत असताना सत्तावीस वर्षांच्या पोराला पुढचा प्लॅन सुचत नाही, यात तुझा काही दोष नाही.

तर आता हे कर. यूरॉलॉजिस्टकडे जाऊन सांग की मला बॅग काढून सीआयसी शिकायचंय. साधी पातळ नळी असते, दर चार ते सहा तासांनी आपल्या हाताने घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी बाहेर, विषय संपला. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, ऑपरेशन थिएटर काही उभं करावं लागत नाही. आधी मूत्राशयातलं प्रेशर बघायला ते युरोडायनॅमिक नावाची टेस्ट सांगतील, ती करून घे, टाळू नको. तांब्याच्या पाईपला फ्लेअर काढणारे हात आहेत तुझे, हे काम त्याहून सोपं आहे, पहिल्या आठवड्यात लाज आणि भीती वाटते तेवढीच.

आणि पाणी कमी पिणं आजपासून बंद. आईला त्रास नको म्हणून तू हे करतोयस ते कळलं मला, पण लघवी घट्ट झाली की इन्फेक्शन, मग खडे, मग किडनी. एके काळी मणका तुटलेली माणसं मणक्याने मरायची नाहीत, किडनी जाऊन मरायची. तुझ्या या बचतीने आईच्या मागे डायलिसिसच्या फेऱ्या लागतील. दिवसभरात किती प्यायचं ते डॉक्टर ठरवून देतील, तेवढं घोट घोट करून प्यायचं. थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ झाली, वास यायला लागला तर घरगुती उपाय करत थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

संडासचंही तसंच आहे, वेळ ठरवायची, रोज तीच. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासाने कमोड खुर्चीवर बसायचं, पोटात काही गेलं की आतडी हलतात, त्याचा फायदा घ्यायचा. तुझ्या लेव्हलला बहुधा हातमोजा घालून बोटाने काढावं लागेल, थेरपिस्ट किंवा नर्स दाखवतात कसं ते. किळस येते, चार दिवसांनी जाते, मग दिवसभर कपडे खराब होतील ही धास्ती राहत नाही आणि बाहेर पडायचा विचार तरी करता येतो.

तिसरी गोष्ट कातडी. तुला बसलेलं दुखत नाही, म्हणून कातडी मरतेय हे कळतच नाही. रात्री दर दोन तासांनी कूस, खुर्चीत असलास तर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून नाहीतर एकेका बाजूला कलून मिनिट दोन मिनिटं ढुंगणावरचं वजन काढायचं. रोज मोबाईलने मागचा फोटो काढून बघायचा, लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही झोपायचं नाही. एक बेडसोअर, म्हणजे दाबाने पडलेली जखम, तुला तीन-चार महिने पालथा पाडून ठेवू शकतो. एअर गादी असेल तर लाईट गेल्यावर पंप बंद पडतो हे घरातल्यांना माहीत पाहिजे, पावसाळा आहे.

हे सगळं यूट्यूबवर बघून शिकायच्या फंदात पडू नको. हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन, एआयआयपीएमआर म्हणतात, १९५५ पासून हेच काम करते. तिथे वॉर्ड आहे, भरती होऊन शिकता येतं, खुर्चीतून बेडवर, बेडवरून कमोडवर, हे स्वतःचं स्वतः सरकणं, योग्य मापाची खुर्ची, कुशन, सगळं. तुझे खांदे पथकातले आहेत, हे लवकर जमेल तुला. ठाण्याहून हाजीअली लांब पडतं हे खरंय, पण रोज अप-डाउन करायचं नाहीये, एकदा अॅडमिट होऊन यायचंय. आणि जाण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे, तिथे बाजूच्या बेडवर तुझ्यासारखंच कोणीतरी असतं.

हा मुद्दा मला नीट सांगायचाय, मामाच्या व्हिडिओंमुळे. मामा वाईट नाही, त्याला काय करावं कळत नाही म्हणून फॉरवर्ड करतो. आज ना उद्या तो तुला मुरलीकांत पेटकरांचं पाठवेलच, पाठवलं पण असेल. माणूस खरंच थोर आहे, सांगली जिल्ह्यातला, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याजवळ गोळी राहिली, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला भारताचं पहिलं सुवर्ण. पण ६५ आणि ७२ मध्ये सात वर्षं आहेत रे. त्या सात वर्षांतल्या एखाद्या साध्या मंगळवारचा व्हिडिओ कोणी बनवत नाही, बनवला तर कोणी बघणार नाही. तू आत्ता ६६ मध्ये आहेस आणि लोक तुला ७२ चं दाखवतायत, मग वाईट वाटणारच.

असंच दुसरं एक फिरत असतं, की लॉटरी लागलेला आणि अपघातात लुळा झालेला, दोघं काही काळाने सारखेच खूश असतात, अभ्यासात सिद्ध झालंय म्हणे. तो अभ्यास १९७८ चा अमेरिकेतला, त्यात अपघातातले लोक होते २९, आणि ते इतरांपेक्षा कमीच सुखी निघाले होते. फक्त बाहेरच्यांना वाटतं तेवढे बुडालेले नव्हते. मला हे खरं उत्तर जास्त पटतं. सवय होईल सगळ्याची असं मी तुला सांगणार नाही, काही गोष्टींची होत नाही.

व्हिडिओपेक्षा माणूस भेटलेला बरा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, शिकायच्या वयातच कमरेखालचं शरीर गेलं. त्यांना उभं केलं ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने, ते स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळे, होते आणि धंदा सांभाळत होते. पुढे नसीमाताईंनी सरकारी नोकरी केली, आणि १९८४ ला हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड ही संस्था काढली जिथे शेकडो मुलं शिकली. सुरुवात कशाने, तर आपल्यासारखाच एक माणूस समोर बसून बोलला. तुला कोणाचं मेडल बघायची गरज नाही, तुला असा माणूस पाहिजे ज्याला विचारता येईल की लोकलमध्ये खुर्ची कशी चढवतोस, प्रवासात नळी कुठे बदलतोस, बायको काय म्हणते. तो तुला वॉर्डात भेटेल, एकाचा नंबर घेतलास की दहा जणांचा ग्रुप मिळतो.

बायकोवरून आठवलं. साखरपुडा दोघांनी केलेला, मोडला तू एकट्याने. तिला परत ये म्हण असं मी सांगत नाही, तो तिचा प्रश्न आहे आणि तिच्या घरच्यांचाही आहे, उगाच पिक्चर करायला नको. पण मनात एक भीती धरून तू फोन केलास, आणि ती भीती कोणा डॉक्टरला विचारून तपासलेली नाहीस, बरोबर? मग ऐक, शरीरसंबंध बदलतात, संपतात असं नाही. कोणाला गोळ्यांनी फरक पडतो, कोणाला इंजेक्शन, कोणाला पंप, आणि मूल हवं असेल तर शुक्राणू काढून आयव्हीएफ करता येतं. जो यूरॉलॉजिस्ट सीआयसी शिकवेल त्यालाच हे विचारायचं, आईला बाहेर बसवून. आधी हे समजून घे, मग तिला एकदा फोन करून तू तेव्हा का मोडलंस ते खरं सांग. ती काय म्हणेल ते म्हणेल.

आता काम. तू 'काम होतं' असं लिहिलंस, भूतकाळात, ते मला खटकलं. बाहेरच्या भिंतीला लटकून आउटडोअर बसवणं गेलं, मान्य. पण इन्व्हर्टर एसी आल्यापासून सगळ्या टेक्निशियन लोकांचं रडगाणं काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, बोर्ड. पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, उडाला की नवीन टाका, गिऱ्हाईक किंमत ऐकून भांडतं, रिपेअर करणारा जवळपास मिळत नाही आणि मिळाला तर आठवडा लावतो. आणि ते काम होतं कुठे, टेबलावर, बसून. मल्टीमीटर, सोल्डरिंग, हॉट एअरचं स्टेशन, चांगला लाईट. तुला गॅस, कॉम्प्रेसर, सेन्सर सगळं आधीच येतं, नुसतं इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या पोराला ते येत नाही, तो बोर्ड बघतो आणि तू मशीन बघतोस. कोर्स कर, कोणा मुरलेल्या बोर्डवाल्याकडे फोनवर धडे घे, पण त्याच्या आधी ओळखीतल्या तिघा-चौघांकडून भंगारात टाकलेले बोर्ड मागव आणि उघडून बस. पहिले काही बिघडवशीलच, भंगारातलेच आहेत.

सोल्डरिंगला बसताना एक गोष्ट मात्र डोक्यात फिट्ट बसव. तुझ्या मांडीला चटका कळत नाही. गरम आयर्न, सोल्डरचा थेंब, चार्जिंगला लावलेला लॅपटॉप, चहाचा कप, काहीही मांडीवर ठेवायचं नाही, टेबलावर स्टँड पाहिजे आणि मांडीवर जाड चामड्याचा नाहीतर कॅनव्हासचा एप्रन. भाजलेलं तुला वास आल्यावर कळेल आणि ती जखम भरायला महिने लागतील. कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही हे तुला मी काय सांगणार.

आणि तो हाताखालचा पोरगा कुठे आहे? दुसरीकडे लागला असेल, पोट आहे त्यालाही. पण फोन कर त्याला. साइटवर अडला तर व्हिडिओ कॉल कर म्हणावं, एका कॉलचे पन्नास रुपये का होईना घे, फुकट करू नको. पैशापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की सकाळी अकराला कोणीतरी वैतागून तुझा फोन लावेल आणि तू उचलला नाहीस तर त्याचं काम अडेल. दहा महिने तुझ्यावाचून कोणाचं काही अडलं नाहीये, सगळे तुझं करतायत आणि तू घेतोयस, माणूस त्याने आतून कुजतो, मणका धड असला तरी कुजतो.

कागदपत्रांचं पटकन. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंस का? स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर पुढच्या बहुतेक योजनांचं दार उघडतं, तुझं त्याच्या खूप वर येईल. संजय गांधी निराधारचं मासिक अनुदान उत्पन्नाच्या अटीत बसलास तर तहसीलमधून. खुर्ची आणि कमोड खुर्ची केंद्राच्या एडिप योजनेतून मिळू शकते, विकत घ्यायच्या आधी चौकशी कर. महापालिकेने दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी ठेवायचा असतो, तिथे वॉर्ड ऑफिसला विचार, छोट्या धंद्याला काही मिळतंय का. कर्जासाठी राज्याचं दिव्यांग वित्त महामंडळ आहे. फेऱ्या मारायला मामाला लाव, त्याच्यात दम आहे. आणि हंडीचा विमा! २०२२ ला सरकारने गोविंदांच्या विम्याची घोषणा केली, मृत्यूला १० लाख, कायमच्या अपंगत्वालाही रक्कम. गेल्या वर्षीच्या यादीत तुझं नाव पथकाने दिलं होतं का, पॉलिसीची कॉपी कुणाकडे आहे, क्लेम टाकला का, हे तुझ्या पत्रात काहीच नाही. चेकच्या आधी हे विचार.

आता सत्कार. जायचं की नाही याचं माझं उत्तर जा असं आहे, पण तुझ्या अटींवर, आणि अटी आत्ता, सत्काराच्या महिनाभर आधी घालायच्या, स्टेजवर नाही.

पोरं का येत नाहीत माहितीय? विसरली नाहीत. तुझ्या खोलीत येऊन करायचं काय हे त्यांना कळत नाही. तुझे पाय दिसतात, त्यांना तो दिवस आठवतो, 'बरा होशील रे' बोलून झालं की गप्प, मोबाईल काढायचा, चहा प्यायचा, निघायचं. दोन महिने त्यांनी तेवढं केलं, मग पाय जड झाले. त्यांना 'भेटायला या रे' म्हटलंस तर येणार नाहीत, काम दिलंस तर येतील. थर लावणाऱ्या पोरांना तीन मजले एक खुर्ची उतरवायला काय लागतं! तर पथकाच्या प्रमुखाला बोलव आणि सांग, चेक द्या, हार घाला, पण आधी मला आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सातला चार जण पाहिजेत, खाली न्यायला आणि नऊला वर आणायला. नावं आणि पाळ्या लिहून द्या, सरावाच्या लावता तशा. यंदाचा सराव सुरू होईलच, त्याच वेळेत चार गडी इकडे वळवा. हे जमत नसेल तर सत्कारही नको.

उतरवायची पद्धत त्यांना शिकवावी लागेल, जोशात उचलतील आणि घोळ करतील. कमरेला पट्टा लाव. उतरताना तुझं तोंड उताराकडे, खुर्ची मागे कललेली, मागचा माणूस हँडल धरणार, तो सगळ्यात दणकट पाहिजे आणि हुकूम त्याचाच चालणार. पुढचे दोघे फ्रेम धरणार, हातांचे किंवा पायांचे दांडे नाही, ते निघून हातात येतात. चौथा जिना मोकळा करणार, चपला आणि सायकली बाजूला. वर आणताना तुझी पाठ जिन्याकडे, मागचा माणूस वर चढत ओढणार. एकेक पायरी, आणि मध्ये कोणी 'बोल बजरंगबली की' केलं तर त्याला बदला.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर खांद्यावर उचलून नाचवायचं नाही हे आधी सांगून ठेव, ते करतील, आनंदाच्या भरात करतील आणि तुझे रॉड आहेत पाठीत. रॅम्प लावा म्हणावं, एक दिवसाचा लाकडी. पैसे कार्यक्रमाच्या आधी खात्यात, स्टेजवर पुठ्ठ्याचा मोठा चेक पाहिजे तेवढा धरा. माईक मिळाला तर बोलायची सक्ती नाही. कोणी तुला सुरक्षेबद्दल बोलायला सांगेल, हेल्मेट, दोर, खाली मॅट, आणि ते बोलण्यासारखं आहेच, पण तुला आत्ता तो विषय नको असेल तर नको, जन्मभर त्या एका पडण्याचा पोस्टर होऊन फिरायचं कंत्राट तू घेतलेलं नाहीस. तुला अजून राग असेल, पथकावर, प्रशिक्षकावर, स्वतःवर, तर त्या दिवशी सकाळी सुद्धा नाही म्हणता येतं. दहा मिनिटं बसून परत आलास तरी चालेल.

पण पहिला मंगळवार सत्काराच्या खूप आधी येतो. त्या दिवशी हेल्परला खाली बोलवून ठेव, कोपऱ्यावर चहा घ्या आणि कोणाकोणाचे बोर्ड पडून आहेत त्याची यादी त्याच्याकडून घे. निघताना वर नळी घालून मूत्राशय रिकामं करून निघ, तोवर शिकला नसशील तर बॅग रिकामी करून, आणि कुशन खुर्चीत आहे ना बघ, घाईत ते हमखास वरच राहतं. परत वर न्यायच्या आधी पोरांना चाकं पुसायला लाव, पावसाचे दिवस आहेत, ओल्या चाकावरून हात सटकतो.